चार नंबरचं चाक

गाडीला चाकं किती, असं हवालदार विचारायचे, आणि समोरच्याने ‘चार’ म्हटलं की तो माणूस त्यांच्या मनातून उतरायचा. मग तो मामलेदार असो, नाहीतर दिवाळसणाला आलेला आमचा जावई असो. “चार? मंग पाचवं काय आपन डोक्यावर घेऊन जाता काय, साहेब?” जणू त्याने घरातलं एक जितंजागतं माणूस गाळून शिरगणती सांगितली होती. पाहुणा ओशाळायचा आणि माझे वडील हसायचे. अमरावतीच्या वकीलमंडळींत आमच्या काळ्या विलायती गाडीपेक्षा तिचा ड्रायव्हर जास्त प्रसिद्ध होता, आणि वडिलांना ते आवडायचं. आवडायचं तोवर.

या माणसाबद्दल मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आता पन्नाशी जवळ आली. वाटलं होतं, जे सांगायचं ते मायेने सांगता येईल. पण लिहायला बसलो की राग वर येतो. स्वतःचा, वडिलांचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडा हवालदारांचाही. येऊ दे.

‘हवालदार’ हे त्यांचं नाव नव्हतं आणि हुद्दाही नव्हता. महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्करी ट्रक चालवत होते आणि नाईक म्हणून सुटले. पन्नास साली आमच्याकडे लागले तेव्हा वडिलांनी त्यांना एक पायरी चढवून हवालदार केलं. फुकटची बढती द्यायला आमचं घर उदार होतं. उंच, हाडापेराचा माणूस. खाकी पँट, खाकी सदरा, दोन्हीला कडक इस्त्री. बडनेऱ्याहून सकाळी सायकलने यायचे आणि फाटकातून आत आले की कोणाला नमस्कार करायच्या आधी गाडीची डिकी उघडायचे. आत निजलेल्या पाचव्या चाकावर पंजाने एक थाप मारायचे आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचे. आवाज पसंत पडला की मग आम्हाला नमस्कार. आई म्हणायची, “हवालदारांचा देव डिकीत आहे.” छप्पन सालच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्यानंतर आई पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “देव सगये सोडले, बाई. चाक ठेवलं.”

त्याच आठवड्यातली गोष्ट. पडवीच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. तो त्यांनी घासून, पुसून आईसमोर कठड्यावर ठेवला. “हा तुमचा तुमच्याजवय असू द्या. मी माहा आनला.” आणि पिशवीतून निळ्या फुलांचा नवाकोरा कप काढला. त्या दिवसापासून त्या नव्या कपात चहा पूर्वीसारखाच वरून, कपाला न शिवता, ओतला जाऊ लागला. म्हणजे बदल झाला तो कपात. घरात बोलणं झालं ते एवढंच, की हवालदार फार चढले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि समतेवर भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. मीही इतरांबरोबर हसलो.

“स्टेपनी म्हनून येगळं चाक नसते,” असं ते सांगायचे. “जे आराम करते ते स्टेपनी.” पाचही चाकांच्या आतल्या अंगाला त्यांनी पांढऱ्या रंगाने एक ते पाच आकडे काढले होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाकांच्या बदल्या व्हायच्या. मागचं पुढे, डावं उजवीकडे, डिकीतलं खाली आणि खालचं एक डिकीत. “आज दोन नंबर सुट्टीवर हाय,” असं आम्हाला कळवलं जायचं. त्यामुळे पाचही टायर सारखे झिजत आणि कुठलंही चाक कुठेही बसवता येई. बाकीच्या गाड्यांत स्टेपनी म्हणजे झिजून गोटा झालेला, कोणाला नको असलेला टायर. हवालदारांना त्याची भयंकर चीड. “अडचनीत ज्याच्यावर जीव टाकाचा, त्यालेच सडकं द्याचं? हे कोनतं डोकं?”

वडिलांचं काम अमरावतीच्या आणि अकोल्याच्या, दोन्ही कोर्टांत. मधला रस्ता बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव असा. एका गाडीपुरती डांबराची पट्टी आणि दोन्ही अंगांना मुरूम. कापसाचा हंगाम सुरू झाला की सरकी काढणाऱ्या जिनाकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग लागायची आणि बैलांच्या नालांचे खिळे रस्ताभर सांडायचे. पंक्चर होणं ही काही बातमी नव्हती. टायरमधून काढलेला प्रत्येक खिळा हवालदार बिस्किटाच्या एका डब्यात जमा करत. “हा मूर्तिजापूरच्या नाक्यावरचा. हा बोरगावचा, लई बेइमान, आडवा घुसला.” खिळ्याला शिव्या, तो ठोकणाऱ्या नालबंदाला शिव्या, रस्ता करणाऱ्या ओव्हरसियरला तर खास ठेवणीतल्या. बैलाला मात्र कधी नाही. “त्यानं काय मुद्दाम पाडला काय? त्याच्या तं पायाचा गेला.”

गाडीत बोलायचं नाही, हा वडिलांचा नियम होता. ते मागे बसून कागद वाचायचे. बारा वर्षं हे दोघे एकमेकांच्या पुढेमागे बसून हजारो मैल गेले, पण वडिलांकडून हुकूम आणि हवालदारांकडून ‘जी साहेब’ यापलीकडे त्यांच्यात फारसं काही बोलणं झालं नाही. हे सांगून ठेवतो, कारण माझं खोटं टिकलं ते या नियमाच्या जिवावर.

एकसष्टच्या डिसेंबरात आम्ही चार मित्रांनी आठ दिवस चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. मी नुकतीच सनद घेतली होती आणि हवालदार मला ‘छोटे वकील’ म्हणू लागले होते, अर्धं कौतुकाने, अर्धं खिजवायला. गाद्या, कंदील, भांडी, ग्रामोफोन असं सामान होतं आणि अर्धी डिकी त्या चाकाने अडवलेली. तोड काढली शरदने. शरद म्हणजे माझा अकोल्याचा मित्र, जिनवाल्यांचा मुलगा. त्यांच्याकडे आमच्याच गाडीच्या कंपनीची एक धाकटी गाडी होती. तिच्या चाकाची भोकं आमच्या बोल्टांना बरोबर बसत. तो आपल्या वडिलांच्या, आमच्यासारख्याच मोठ्या गाडीतून अमरावतीला आला तो ते चाक घेऊनच. अरुंद, आटोपशीर, वजनाला निम्मं. “पंक्चर झालंच तर पुढचं गाव गाठण्यापुरतं पुष्कळ झालं,” तो म्हणाला. “एवढं मोठं धूड कशाला वागवायचं?” मला लगेच पटलं. हलकं, सुटसुटीत आणि नवं जे काही दिसेल ते मला त्या वयात लगेच पटायचं.

हवालदारांनी ते चाक एका हाताने उचलून पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

“हे स्टेपनी नोय. हे सायकलीचं लेकरू हाय.”

“भोकं जुळतात, हवालदार.”

“भोकं जुळून काय होते? मागं लावलं तं एक बाजू खाली बसते अन् मागच्या आसाचं डिफरन्शियल रस्ताभर रडते. पुढं लावलं तं स्टेरिंग एकीकडं ओढते. जोडीत एक बैल अन् एक गोऱ्हा जुंपला तं गाडी सरळ चालन काय? तासाले वीस मैलाच्या वर याले नेता येनार नाई. अन् हे फुटलं म्हंजे?”

“फुटायच्या आत गाव येतं ना.”

“मेळघाटात गाव कुठी हाय? अस्वलाले इचारता काय?”

शरद खो खो हसला. मी हसलो नाही. मित्रांच्या देखत ड्रायव्हर आपल्याशी वाद घालतो आणि वादात जिंकतो, हे मला झोंबलं. तेव्हा मी ते वाक्य बोललो.

“बाबांनीच सांगितलंय. हे लहान ठेवायचं आणि मोठं शरदकडे अकोल्याला द्यायचं.”

“अकोल्याले काहून? आपल्या गोदामात काहून नाई?”

कारण गोदामात ठेवलं तर बाबांना दिसेल. हे मी अर्थातच बोललो नाही. “मला काय विचारता? बाबांनी सांगितलं.”

हवालदारांनी टाचा जुळवल्या. “साहेबाचा हुकूम हाय?”

“हो.”

“मंग ठीक.”

त्या महिन्यात चार नंबर आरामात होता. त्यांनी तो स्वतः काढून शरदच्या वडिलांच्या गाडीत ठेवला आणि ती गाडी अकोल्याला परत गेली. लहान चाक आमच्या डिकीत गेलं. मी गमतीने म्हटलं, “याच्यावरही चार लिहा.” त्यांनी मान हलवली. “याले नंबर नाई. हे आपलं नाई.”

चिखलदऱ्याला काहीही झालं नाही. परत आल्यावर मी मुद्दाम त्यांना म्हणालो, “बघा हवालदार, काय झालं?” ते बॉनेट पुसत होते. “झालं नाई म्हनून बरोबर होतं असं नसते, छोटे वकील.”

शरदने चार नंबर आपल्या वडिलांच्या मोठ्या गाडीला लावून टाकला. टायर तेव्हा सहज मिळत नव्हते. “देतो रे, घाई काय आहे?” असं त्याचं चालू राहिलं आणि मी आग्रह धरला नाही, कारण आग्रह धरायचा म्हणजे घरात बोलावं लागणार. जानेवारीचा पहिला रविवार आला. पाचवं चाकच नाही म्हणून बदल्या झाल्या नाहीत. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, दर पहिल्या रविवारी हवालदार मला गाठायचे. “नंबर चार कवा येनार?” मी म्हणायचो, येईल. एकदा म्हणाले, “साहेबाले एक डाव इचारू काय?” मी घाईघाईने म्हणालो, “नको, मीच विचारतो.” सकाळी ते डिकी अजूनही उघडायचे. थाप मात्र मारत नसत. पंक्चर झालं तर रस्त्यातच बसून ठिगळ मारायचे, त्या लहान चाकाला हात लावत नसत.

एप्रिल संपत आला होता. अकोल्याच्या सेशन्स कोर्टात वडिलांचं एका खटल्यातलं शेवटचं भाषण होतं. मी ज्युनिअर म्हणून पुढच्या सीटवर, मांडीवर कागदांचा गठ्ठा. सकाळी निघालो तरी ऊन तापलं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे पुढचा डावा टायर फुटला. वडील घड्याळ बघत लिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. हवालदारांनी मागचं चांगलं चाक काढून पुढे लावलं आणि ते लहान चाक मागे घातलं. दुप्पट मेहनत, पण स्टेअरिंगवर भरवशाचं चाक हवं. गाडी एका अंगाला जराशी बसली. पान्हा पुसत ते मला हळूच म्हणाले, “साहेबाले सांगा, आता वीसच्या वर नाई.”

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वडिलांनी ‘का?’ विचारलं असतं आणि सगळं बाहेर आलं असतं. मग हवालदारांनीच नियम मोडला. गाडी सुरू करून मागे न बघता म्हणाले, “साहेब, या चाकावर वीसच्या वर जाता येत नाई.”

“का?”

हवालदारांनी तोंड उघडायच्या आत मी बोललो. “ते उगाच घाबरतात, बाबा. मजबूत आहे ते चाक.”

“अकरा वाजता माझा पुकारा आहे,” वडील म्हणाले. “हाणा.”

“साहेब...”

“हवालदार, हाणा म्हणतो ना.”

“जी साहेब.”

बोरगावच्या अलीकडे एका पुलाजवळ लहान चाक फुटलं. गाडीची मागची बाजू झोकांडली, आम्ही पुलाच्या दगडावर आदळलो आणि गाडी कलती होऊन थांबली. वडिलांचा उजवा हात मोडला. हवालदारांचा गुडघा आत दबला. मला खरचटलं, एवढंच. ते आधी वडिलांना उचलून बाभळीखाली ठेवून आले, मग एका पायावर परत येऊन त्यांनी माझे कागद गोळा केले. आणि मग रस्त्यात बसकण मारून त्या चाकाच्या चिंध्यांकडे बघत राहिले. “बेवारस,” एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी वडिलांनी त्यांना ऑफिसच्या खोलीत बोलावलं. वडिलांचा हात प्लास्टरमध्ये, हवालदारांच्या हातात काठी. आई दारात. मी कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाजवळ.

“चांगली स्टेपनी कुठे आहे, हवालदार?”

“अकोल्यालेच हाय ना साहेब. तुमचाच हुकूम होता.”

“माझा? मी कधी दिला?”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. चार महिने त्यांना जे कळलं नव्हतं ते त्या क्षणी कळलं. मी एका पुस्तकाची उसवलेली पाठ बघत उभा राहिलो. ती पाठ मला आजही काढून दाखवता येईल, वरून तिसऱ्या फळीवर, डावीकडून सातवं.

“माझा हुकूम आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“ज्यानं सांगतलं, त्यानं सांगावं.”

वडिलांनी टेबलावरचा टाक सरळ केला.

“म्हणजे तुझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. टायर विकलास तू.”

बारा वर्षांचं ‘तुम्ही’ एका वाक्यात गेलं. आणि दारातून आई म्हणाली, “मी केव्हाची सांगत होते.” काय सांगत होती? काहीही नाही. ते वाक्य तिच्याजवळ आधीपासून तयार होतं. कपाच्या दिवसापासून असेल, त्याच्याही आधीपासून असेल.

आता वडिलांबद्दल. तीस वर्षं ज्याने उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडला, तो माणूस एक प्रश्न विचारायचा विसरेल? खोलीत तिसरा माणूस उभा होता. ‘मजबूत आहे ते चाक’ असं तोच गाडीत म्हणाला होता आणि ते वडिलांनी आपल्या कानाने ऐकलं होतं. त्याच्याकडे मान वळवून ‘काय रे, तू सांगितलंस?’ एवढंच विचारायचं होतं. मी तेव्हा खोटं बोललो नसतो, असं मला वाटत आलं आहे. तेही खरं की नाही, कोणास ठाऊक. पण त्यांनी विचारलं नाही. जिथे उत्तर नको असतं तिथे प्रश्न टाकायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. कोर्टातल्या बारच्या खोलीत त्यांचा फोटो आहे. आजही दर वर्षी त्याला हार घालायला मला पुढे करतात, आणि हार घालून मी रागाने लगेच पाठ फिरवतो. लोकांना वाटतं, भरून आलं.

हवालदारांनी नोकरीचा दाखला मागितला. वडिलांचा हात मोडलेला, म्हणून दाखला त्यांनी सांगितला आणि टाइप मी केला. इंग्रजीत. त्यात शेवटी एक ओळ होती, की यांच्या ताब्यात असताना गाडीचा एक चांगला टायर नाहीसा झाला. वडिलांनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. फाटकापाशी हवालदार मला म्हणाले, “काय लिहिलं हाय ते वाचून दाखवा, छोटे वकील.” मी मराठी करून वाचलं. बारा वर्षं काम केलं, वेळेवर येत, गाडी चांगली ठेवत. ती शेवटची ओळ मी वाचली नाही. त्यांनी कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि काठी सायकलला बांधली. दुखऱ्या पायाने पायडल फिरेना, तेव्हा सायकल हातात धरून चालत गेले. बडनेरा सहा मैल.

ती ओळ त्यांना कळली ती सरकारी मोटारखात्याच्या खिडकीपाशी. नोकरीसाठी रांगेत उभे होते आणि आतल्या कारकुनाने दाखला सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्याच महिन्यात शरदने चार नंबर परत पाठवला. आतल्या अंगाला पांढरा आकडा जसाच्या तसा. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. ते चाक घरंगळत वडिलांच्या टेबलासमोर नेलं असतं तरी एक शब्द बोलावा लागला नसता. मी ते गोदामात नेलं आणि आकडा भिंतीकडे करून उभं केलं. वडिलांना ते पुढे केव्हातरी दिसलं. त्यांनी काही विचारलं नाही. वर्षाच्या आत गाडी विकली.

वडील गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी मी बडनेऱ्याला गेलो. स्टेशनच्या रस्त्यावर हवालदारांचं पंक्चरचं दुकान होतं. ते पत्र्याखाली बसून पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. केस पिकलेले, पाय लांब केलेला.

“कोन? छोटे वकील काय?”

“मोठा झालो आता, हवालदार.”

“वयानं,” ते म्हणाले आणि ट्यूब फिरवत राहिले.

मी सगळं सांगितलं. गाडीतलं, खोलीतलं, दाखल्याचं. ट्यूबवर ठिगळ चिकटवून झाल्यावर म्हणाले, “मले काय सांगून राहिला? मले तं माहीत हाय. ज्याले सांगाचं त्याले मरू देलं, अन् आता इथं आला.”

त्यांचंही ‘तुम्ही’ गेलं होतं. ते मला बरं वाटलं.

“पण तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?” माझा आवाज चढला. इतकी वर्षं मी हाच राग सांभाळला होता. यांनी मला वाचवलं, यांच्या मोठेपणाने मला कायमचं लहान केलं, असा. “माझं नाव का नाही घेतलं?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले, आणि ते हसणं मला मारल्यासारखं लागलं.

“तुह्यासाठी चूप बसलो, असं वाटते काय तुले? लेका, तुह्या घरात तुह्या शब्दापुढं माहा शब्द टिकला असता काय? वकील हायेस ना, सांग.”

त्यांनी दुसरी ट्यूब पाण्यात घातली.

“चोर तं मी ठरनारच होतो. वरून चुगलखोर काहून ठरू? अन् तुह्या बापाले समजलं होतं. मी त्याचे डोये पाह्यले.”

मी विचारलं, “माफ नाही करणार?”

“माफी-बिफी नोको मागू. लिहून दे.” ते आत जाऊन बिस्किटाचा तो डबा घेऊन आले. खिळ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो दाखला होता, वडिलांच्या डाव्या हाताच्या सहीचा. “तो जसा लिहिला, तसा हा दुसरा लिही. मराठीत लिही. माह्या नातवाले वाचता आला पाह्यजे.”

“हा फाडला का नाही इतक्या वर्षांत?”

“फाडला असता तं तुमी म्हनले असते, असं काई नोतंच.”

येत्या पहिल्या रविवारी घेऊन येतो, असं मी म्हटलं. खरोखर म्हटलं. घरी येऊन लिहायलाही बसलो. पण ते खरं लिहायचं म्हणजे वडिलांचं नाव त्यात येणार, आणि त्याच सुमारास त्यांचा फोटो बारच्या खोलीत लागला होता. मग मी शब्द बदलायचो. ‘गैरसमज’ लिहायचो आणि खोडायचो. रविवार गेले. दीड वर्ष गेलं.

एका दुपारी त्यांचा मुलगा माझ्या ऑफिसात आला. पोस्टात नोकरी, डोळे थेट बापाचे. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“बाबा गेले मागच्या महिन्यात. इचारून ये म्हने, लिहून झालं काय?”

“होतंय,” मी म्हणालो.

“आता काई घाई नाई म्हना,” तो म्हणाला आणि गेला.

आज माझ्या गाडीच्या पाचही चाकांवर आकडे आहेत आणि पहिल्या रविवारी मी स्वतः त्यांच्या बदल्या करतो. त्यात प्रायश्चित्त वगैरे काही नाही. चाकं सारखी झिजतात, एवढंच. द्यायचं होतं ते वेगळंच होतं. ते इथे देतो. याची एक प्रत हाताने लिहून बडनेऱ्याला पाठवली आहे, दुसरी बारच्या खोलीत दिली आहे.

दाखला

श्री. सुखदेव गोंदाजी वानखडे, राहणार बडनेरा, हे माझ्या वडिलांच्या गाडीवर बारा वर्षे ड्रायव्हर होते. या काळात त्यांनी गाडीची पाचही चाके सारखी सांभाळली. चार नंबरचे चाक मी, वडिलांचा हुकूम आहे असे खोटे सांगून, माझ्या मित्राला दिले. वानखडे यांनी ते विकले नाही. अपघाताच्या दिवशी ताशी वीस मैलांच्या वर जाता येणार नाही असे त्यांनी बजावले होते. ते मी ऐकले होते आणि माझ्या वडिलांनीही ऐकले होते. चौकशी झाली तेव्हा मी त्याच खोलीत उभा होतो. त्यांना पूर्वी दिलेला दाखला मी टाइप केला आणि त्यांना वाचून दाखवताना शेवटची ओळ गाळली. तो दाखला खोटा आहे.

हे सर्व मला त्यांच्या हयातीत लिहिता येत होते.